गॅस गिझरचा फ्लू पाइप बसवताना : गुहागरच्या घरातील अनुभव

समुद्रकाठच्या चिरेबंदी घरात गॅस गिझर बसवायचा असेल, तर जळलेला वायू कोठून बाहेर जाणार आणि ज्योतीला ताजी हवा कोठून मिळणार, हे यंत्र खरेदी करण्यापूर्वी ठरले पाहिजे. आमच्या गुहागरच्या घरी हे काम ऑगस्ट २०२४ मध्ये मनावर घेतले आणि डिसेंबरात पुरे झाले. मधला बराच काळ वाट पाहण्यात, विचारपूस करण्यात आणि कागद जमवण्यात गेला. नंतर एक पूर्ण पावसाळा त्या जोडणीवरून गेला, ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिली सर्व्हिसिंग झाली आणि मगच हे लिहायला घेतले, कारण कोकणात अशा कामाची परीक्षा पावसाळ्यातच होते.

आमच्याकडे आंघोळीचे पाणी मागीलदारी पाणचुलीवर तापत असे. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, धुराने त्यांचा खोकला वाढतो आणि डॉक्टरांनी त्यांना चुलीपासून दूर राहायला सांगितले होते. विजेचा गिझर हा सोपा उपाय होता; पण पावसाळ्यात तारांवर झाड पडले की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि दोन किलोवॅटचा गिझर घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या उत्तरेकडील दापोली-मंडणगड भागातील गावे किती काळ अंधारात होती, हे येथे सर्वांच्या लक्षात आहे. सौर बंब पावसाळ्याच्या चार महिन्यांत फारसा उपयोगी पडत नाही, आणि सासूबाईंना गरम पाण्याची गरज त्याच दिवसांत सर्वाधिक असते. म्हणून आम्ही गॅसकडे वळलो.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुकानाचा मेकॅनिक पाहणीला आला. त्याने न्हाणीघर पाहिले, नळाच्या वरची भिंत दाखवली आणि गिझर तेथेच बसवू, वर झरोका आहेच, असे सांगितले. फ्लू पाइप, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारी नळी, नसलेला, मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर साडेपाच हजारांत त्याच संध्याकाळी सुरू झाला असता. जळलेला वायू कोठे जाणार, असे मी विचारले तेव्हा “वहिनी, याला धूर नसतो, निळी ज्योत असते, सगळे असेच बसवतात,” असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते; आमच्या आळीतही काही घरी असेच गिझर आहेत. तरीही सासूबाईंनी दारातूनच “न्हाणीत विस्तव नको गो,” असे म्हटले आणि मी त्याला थोडे थांबायला सांगितले. त्या रात्री मी कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. तो येथे देते, कारण त्या आकड्यांनी माझा निर्णय पक्का झाला.

मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे, तर साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्यात उतरावी लागते. काही उष्णता वाया जाते हे धरले, तर असा गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला साधारण १६० ग्रॅम. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. त्या हिशेबाने एका आंघोळीत दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपतो. आमचे न्हाणीघर चार फूट रुंद, पाच फूट लांब आणि साडेसात फूट उंच आहे, म्हणजे त्यात जेमतेम सव्वाचार घनमीटर हवा मावते. दार लावून आणि पावसाची झड येते म्हणून झरोका बंद करून घरातली दोन माणसे एकामागून एक आंघोळीला गेली, तर दुसऱ्याच्या वाट्याला कोणती हवा येईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. सिलिंडर गळला तर नाकाला कळते, कारण गॅसमध्ये वास येण्यासाठी मुद्दाम मरकॅप्टन मिसळलेले असते. हा वायू मात्र जळण्यातून निर्माण होतो, त्यामुळे तशी सूचना मिळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतले बळ जाते, आणि कडी काढायला दारापर्यंत पोहोचणेही जमत नाही. आंघोळीनंतर वारंवार डोके दुखत असेल आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटत असेल, तर पित्त झाले म्हणून गोळी घेण्याआधी गिझर बंद करून पाहावा. कोणी न्हाणीघरात कोसळलेले आढळले, तर गॅस बंद करून त्या माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि डॉक्टरांना गॅस गिझर होता हे आवर्जून सांगावे, कारण उपचार प्राणवायूचा असतो आणि तो लवकर सुरू व्हावा लागतो.

मेकॅनिकला दुसऱ्या दिवशी नकार कळवला आणि गिझरचे प्रकार समजून घेतले. पहिला प्रकार बिनफ्लूचा. जळलेला वायू तो आहे त्याच खोलीत सोडतो. दुसऱ्यात गरम वायू आपोआप वर चढून नळीतून बाहेर जातो; त्यासाठी नळी आधी सरळ उभी न्यावी लागते आणि बाहेरचा जोराचा वारा तो प्रवाह उलटवू शकतो. तिसऱ्यात पंखा वायू बाहेर ढकलतो, पण जळण्याची हवा खोलीतलीच घेतो. चौथ्यात एकात एक अशा दोन नळ्या असतात. आतल्या नळीतून जळलेला वायू बाहेर जातो, भोवतीच्या नळीतून बाहेरची हवा ज्योतीकडे येते, आणि खोलीतल्या हवेशी ज्योतीचा संबंधच राहत नाही. पंखा थांबला किंवा नळी तुंबली तर असे यंत्र स्वतःच गॅस तोडते. आम्ही हा चौथा, दुपदरी नळीचा प्रकार ठरवला. तो कितीतरी महाग आहे आणि त्याला वीज लागते, हे दोन तोटे आहेत. मात्र पंख्याला लागणारी वीज फार थोडी असल्याने तो आमच्या जुन्या इन्व्हर्टरवर चालतो.

कमी खर्चाचा एक मार्ग अनेकांनी सुचवला, आणि तो वाईट नाही : गिझर घराबाहेर पडवीत टांगायचा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यायची. ज्यांची पडवी बाराही महिने खरोखर उघडी असते, त्यांनी हेच करावे असे मी आजही म्हणेन. आमची मागची पडवी समुद्राच्या बाजूला, पश्चिमेला आहे. डिसेंबरात ती तिन्ही बाजूंनी मोकळी असते. जूनच्या आरंभी मात्र झड अडवायला आम्ही तिला पूर्वी झापे आणि आता ताडपत्री बांधतो, आत लाकूडफाटा आणि सुकवलेले नारळ रचतो, आणि ती पाहता पाहता एक बंद खोली होते. एखाद्या मेकॅनिकने हिवाळ्यात पाहिलेली उघडी जागा आषाढात उघडी राहत नाही. तेव्हापासून प्रत्येक जागेचा विचार करताना मी एकच प्रश्न विचारत गेले : जुलैच्या मध्यावर, तीन दिवस पाऊस लागून राहिला असता, ही जागा कशी असेल? कोकणात गिझर बसवणाऱ्या प्रत्येकाने पाहणीला आलेल्या माणसाला आपले घर पावसाळ्यात कसे असते, याचे जमल्यास फोटो दाखवावेत.

आता भिंती. पश्चिमेची भिंत न्हाणीघराला सर्वांत जवळची होती, पण नैर्ऋत्येचा पावसाळी वारा तिच्यावर थेट आदळतो आणि त्याबरोबर खारे पाणी येते. उत्तरेला, न्हाणीघराच्या बाजूने, आमचे घर आणि चुलत भाऊजींचे घर यांच्यामध्ये तीन-साडेतीन फुटांची बोळ आहे, आणि तिच्यात त्यांच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी उघडते. त्या अरुंद बोळीत वायू साचून राहिला असता आणि दुसऱ्याच्या घरात गेला असता. ती जागा मी मनातून लगेच काढून टाकली. छपरातून नळी वर न्यायची, तर कौले कापावी लागली असती, गळतीला कायमचे निमंत्रण मिळाले असते आणि माकडांनी ती जागेवर ठेवली नसती. उरली उत्तरेच्या भिंतीचीच पुढची बाजू. तेथे भाऊजींचे घर संपते, मोकळे खळे लागते आणि भिंतीच्या आत आमची कोठीची खोली आहे. पावसाळी वारा त्या भिंतीला समांतर निघून जातो, आणि थंडीतला पहाटेचा, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वाराही तिला समोरून भिडत नाही. अडचण एवढीच की कोठीपासून न्हाणीघर लांब पडते. पण गरम पाण्याची नळी लांबवता येते. फ्लू पाइप जितका आखूड आणि सरळ, तितका चांगला. सहा मीटर जादा नळीमुळे गरम पाणी येईपर्यंत पाऊण लिटर गार पाणी आधी बादलीत पडते, आणि तेही वाया जात नाही.

माझा भाचा लीड्सला राहतो. त्याच्या घरच्या बॉयलरच्या पुस्तिकेतली फ्लूच्या अंतरांची आकृती त्याने पाठवली आणि तिचा मोठा उपयोग झाला. ब्रिटनमध्ये पंख्याच्या फ्लूचे तोंड खिडकी-दारापासून किमान ३०० मिलिमीटर आणि छपराच्या वळचणीपासून २०० मिलिमीटर दूर ठेवतात, आणि ते माणसांच्या हाताशी येत असेल तर त्याला जाळी लावतात. गॅसच्या उपकरणांचे काम करणाऱ्या व्यावसायिकाचे नाव तेथे २००९ पासून गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावे लागते. मात्र त्या पुस्तिकेतली एक गोष्ट आमच्यासाठी उलटी होती. तेथील कंडेन्सिंग बॉयलरची नळी बॉयलरकडे किंचित उतरती असते, कारण नळीत वाफेचे जमलेले पाणी बॉयलरमध्येच परत घेऊन निचऱ्यातून सोडतात. आमच्यासारख्या साध्या गिझरची नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असावी लागते. नाही तर वाफेचे पाणी आणि पावसाचे थेंब यंत्रात उतरतात. त्यामुळे अंतरांची कल्पना कोठूनही घ्यावी, पण उताराच्या बाबतीत आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच करावे.

खिडकीपासून आम्ही पाच फूट अंतर ठेवले आणि तोंड जमिनीपासून साडेसात फुटांवर घेतले, कारण खळ्यात मुले खेळतात. कौलारू घराची आणखी एक गोष्ट परदेशी आकृतीत सापडणार नाही. भिंत आणि कौले यांच्यामध्ये वाशांच्या आधाराने फट असते, आणि वळचणीखाली चढलेला वायू त्या फटीतून माळ्यावर आणि माळ्यावरून घरात येऊ शकतो. फ्लूच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट ती फट सिमेंटच्या शीटने बंद करून घेतली. हे काम सुतार आणि गवंडी यांनी मिळून केले.

घर सामायिक असल्यामुळे भिंतीला भोक पाडण्यापूर्वी भाऊबंदांची संमती हवी होती. घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. ७ सप्टेंबर २०२४ रोजी गणपती बसले आणि मुंबईची मंडळी घरी आली, तेव्हा साध्या कागदावर भिंतीचा नकाशा काढून, भोकाची जागा, व्यास आणि अंतरे लिहून मी संमतिपत्र तयार केले. थोरल्या चुलत भाऊजींनी आधी “भिंतीला धक्का लागेल,” अशी शंका काढली; ती रास्त होती आणि पुढे कोअर कटरचा, म्हणजे न ठोकता गोल भोक कापणाऱ्या यंत्राचा, निर्णय त्यांच्यामुळेच झाला. त्यांची सही गौरीच्या दिवशी मिळाली. बडोद्याच्या दिरांची सही टपालाने यायला दिवाळी उजाडली. तोंडी होकारावर काम सुरू करता आले असते, पण पुढे वाटणीची बोलणी होतील तेव्हा हा कागद हाताशी असावा, असे वाटले.

सप्टेंबरअखेर गॅस एजन्सीकडे अर्ज दिला. आमच्याकडे एकच सिलिंडर होता. दुसरा सिलिंडर आणि वेगळा रेग्युलेटर हवा होता, कारण स्वयंपाकाच्या शेगडीच्या नळीला टी जोडून गिझर चालवणे मला मान्य नव्हते. गॅस कनेक्शनची पुस्तिका, आधार कार्ड आणि घरपट्टीची पावती यांच्या प्रती लागल्या. कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर असल्याने ते आधी माझ्या नावावर करून घ्यावे लागले; त्यासाठी त्यांचा मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे ना हरकत पत्र जोडले. वेळ जाणारा टप्पा हाच आहे, म्हणून ज्यांच्या घरी कनेक्शन अजून वडीलधाऱ्यांच्या नावावर आहे, त्यांनी हे काम सर्वांत आधी उरकावे. सिलिंडरची अनामत २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये होती. गिझर बसवणार असल्याचे अर्जात स्पष्ट लिहिले आणि जोडणी झाल्यावर एजन्सीच्या मेकॅनिकने पाहणी करावी, अशी विनंती त्यातच केली.

गिझर ऑक्टोबरात मागवला. फ्लूच्या संचासह तो ३२,००० रुपयांना पडला. येथे कोकणातल्या घरांसाठी महत्त्वाची गोष्ट सांगते : संचाबरोबर येणारी नळी विटांच्या भिंतीच्या मापाची असते. आमची जांभ्याची भिंत गिलाव्यासह अठरा इंच जाड आहे. मागणी नोंदवण्यापूर्वी भिंतीची जाडी मोजून कळवली, म्हणून जादा लांबीची नळी २,८०० रुपयांत त्याच कंपनीकडून मिळाली. दुसऱ्या बनावटीची नळी त्याला जोडू नये, असे पुस्तिकेत बजावलेले होते. नळी स्टेनलेस स्टीलची असल्याची खात्री करून घेतली. साधे गॅल्व्हनाइज्ड लोखंड आमच्या खाऱ्या हवेत किती टिकते, हे येथील प्रत्येक खिडकीचे गज सांगतील. ही जादा नळी यायला नोव्हेंबरचा मध्य झाला.

भोक पाडण्याचे काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाले आणि मला सर्वाधिक धास्ती त्याचीच होती. जांभा दिसायला भक्कम, पण सच्छिद्र दगड आहे. छिन्नी-हातोड्याने ठोकत गेले तर चिऱ्याचा कोपरा निखळतो आणि जुन्या चुन्याच्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) सैल होतात. चिपळूणहून कोअर कटर घेऊन येणाऱ्या कारागिराने येण्याजाण्यासह २,५०० रुपये घेतले. आधी आमच्या गवंडीकाकांनी बाहेरून चिऱ्यांच्या थरांची मापे घेऊन भोक एकाच चिऱ्याच्या मध्यावर येईल, सांध्यावर येणार नाही, अशी खूण केली. त्यासाठी गिझरची उंची तीन इंचांनी बदलावी लागली. यंत्र आतून बाहेरच्या दिशेला किंचित उतरते धरले. चिऱ्याचा गोल तुकडा अखंड बाहेर आला, भिंतीला तडा गेला नाही, आणि भाऊजींना त्याचा फोटो पाठवला तेव्हा त्यांनाही हायसे वाटले.

जांभा पाणी पितो. भोकात नुसती नळी बसवून कडा सिमेंटने भरल्या असत्या, तर पहिल्या पावसात ओल आत उतरली असती. म्हणून आधी सिमेंटच्या पाइपाचा तुकडा बसवून तो चुना-सिमेंटने पक्का केला आणि त्याच्या आतून फ्लू पाइप नेला. नळीचा एकही सांधा भिंतीच्या आत येऊ दिला नाही. सांधा दिसला पाहिजे आणि हाताला लागला पाहिजे, म्हणजे तो तपासता येतो. बाहेरची फट उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद केली, कारण बाहेर पडलेला वायू त्याच फटीतून आत येऊ शकतो. तोंडाच्या वर पावसाचे पाणी वळवायला लहान पत्रा लावला, पण तो तोंडासमोर झुकणार नाही अशा बेताने. तोंडाला कंपनीचीच जाळी बसवली. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. ती मिठाने आणि धुळीने भरते आणि वाट बंद करते.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा तंत्रज्ञ रत्नागिरीहून यायला आणखी आठवडा लागला. तोपर्यंत प्लंबरने पाण्याच्या सीपीव्हीसी नळ्या टाकून त्यांवर फोमचे आवरण चढवले. मजुरीसह ४,६०० रुपये झाले. सिलिंडर बाहेर, खळ्याच्या कडेला, सावलीत, सपाट ओट्यावर उभा ठेवला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली, खोलगट जागी जाऊन बसतो, म्हणून जवळ मोरी, गटार किंवा विहीर नाही ना, हे पाहिले. कोठीच्या भिंतीलाही जमिनीलगत जाळीची झडप ठेवली. भिंतीतून तांब्याची नळी पाइपाच्या तुकड्यात घालून नेली आणि रेग्युलेटरपाशी आयएसआय चिन्हाची, आत तारेची वीण असलेली सुरक्षा होज दीड मीटरच्या आत ठेवून लावली. तांब्याची नळी आणि बंद करण्याचा व्हॉल्व्ह मिळून १,९०० रुपये लागले.

तंत्रज्ञाने पाण्याच्या यू-नळीने गॅसचा दाब मोजला. घरगुती रेग्युलेटरमधून येणारा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सुमारे ३०० मिलिमीटर इतका असायला हवा. तो तेवढाच, गिझर चालू असतानाही टिकून राहिला. प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावले. फ्लूच्या आतल्या सांध्यांजवळ उदबत्ती धरून धूर कोठे वळतो, ते पाहिले. मग माझ्या विनंतीवरून त्याने बाहेर तोंडावर काही क्षण फळी धरली आणि यंत्र स्वतःहून बंद होते का, याची खात्री करून दिली. ही चाचणी स्वतः करू नये, पण तंत्रज्ञाकडून मात्र करून घ्यावी. वॉरंटी कार्डावर त्याने गॅसचा दाब, नळीची लांबी आणि तारीख लिहून सही केली. एजन्सीचा मेकॅनिक दोन दिवसांनी आला, होज आणि सिलिंडरची जागा पाहून त्याने पुस्तिकेत नोंद केली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी पहिल्यांदा त्या पाण्याने आंघोळ केली आणि मी कोठीच्या दारात उभी राहून पंख्याचा आवाज ऐकत होते; भीती एका दिवसात जात नाही.

कोठीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छतापासून साधारण सहा इंच खाली, गिझरपासून दीड मीटरवर लावला. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो आणि तो एलपीजीसाठी जमिनीजवळ लावायचा असतो. दुकानदार अनेकदा एकाच्या जागी दुसरा देतात, तेव्हा खोक्यावर नीट वाचून घ्यावे. आमच्या अलार्मवर ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक छापलेले आहे. त्यानुसार हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग कार्बन मोनॉक्साइड झाला तर तो तीन मिनिटांच्या आत वाजतो, आणि ५० भाग असेल तर तासा-दीड तासात. दोन्ही अलार्म मिळून २,२०० रुपये झाले. न्हाणीघराची कडी बदलून बाहेरूनही उघडता येईल अशी बसवली. गिझर तेथे नसला, तरी सासूबाईंच्या वयाला ते बरे. हे सर्व धरून खर्च पन्नास हजारांच्या थोडा आत राहिला. ही रक्कम आमच्यासाठी लहान नव्हती, आणि म्हणूनच पडवीचा स्वस्त मार्ग ज्यांना खरोखर उपलब्ध आहे, त्यांनी तो सोडू नये असे वर म्हटले.

२०२५ साली पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच आला. ताडपत्र्या बांधायच्या आधीच झड सुरू झाली आणि मी पहिल्याच दिवशी कोठीत जाऊन भिंतीवर हात फिरवला. पाइपाभोवती ओल नव्हती. जोराच्या वाऱ्यात यंत्र कधी कधी पेटायला क्षणभर जास्त घेते, पण विझलेले नाही. वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरने काम चालवले. वीज फार लांबली तर पाणचूल अजून आहेच. लाकूडफाटा रचताना खळ्याच्या त्या भिंतीशी काही टेकवायचे नाही, हे घरात सर्वांना सांगावे लागले, कारण दर वर्षी तेथेच पेंढा रचण्याची सवय होती. फ्लूच्या खालच्या भिंतीवर लाल खडूने रेघ मारली, त्यामुळे गड्यालाही कळते.

ऑक्टोबरात सर्व्हिसिंग झाली, १,२०० रुपये घेतले. जाळीच्या एका कडेला कुंभारीण माशीने मातीचे घर बांधायला घेतले होते. तंत्रज्ञाने ते काढले आणि दर महिन्याला शिडी लावून एकदा पाहत जा, असे सांगितले. बर्नरवर मिठाचा थोडा थर होता. ज्योत निळी होती. ती पिवळी दिसू लागली किंवा यंत्राभोवती काजळी आली, तर वापर थांबवून फोन करायचा आहे. होजवर छापलेली तारीख पाहून ती बदलण्याचे वर्ष मी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवले आहे. गॅसगळतीसाठीचा १९०६ हा चोवीस तासांचा क्रमांक कोठीच्या दारावर चिकटवला आहे.

आमच्या आळीतल्या एका घरी होमस्टे आहे आणि त्यांच्या दोन न्हाणीघरांत बिनफ्लूचे गिझर आतच आहेत. पाहुण्याला त्या यंत्राची काहीच माहिती नसते, तो दार-खिडकी लावून निवांत आंघोळ करतो, म्हणून तेथील धोका मला घरच्यापेक्षाही मोठा वाटतो. शिवाय अशा व्यवसायाला घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. त्या काकूंनी आमची जोडणी येऊन पाहिली, मापे लिहून घेतली. त्यांची मागची पडवी पूर्वेला आहे आणि पावसाळ्यातही बांधलेली नसते, त्यामुळे त्यांचे काम यंत्रे बाहेर काढून भागेल असे दिसते. येत्या मार्चमध्ये हंगामाच्या आधी ते करायचे ठरले आहे, आणि गवंडीकाका भोकांच्या खुणा करायला पुढच्या आठवड्यात तेथे जाणार आहेत.